‘लावून पाहायला काय हरकत आहे?’

मराठी घरांतून दिवसाकाठी एकदा तरी कानी पडावीत अशी काही निरुपद्रवी वाक्ये आहेत. ‘लावून पाहायला काय हरकत आहे?’ हे त्यांपैकीच एक होय. मुलाचा गुडघा खरचटला, सासऱ्यांच्या टाचेस भेगा पडल्या, शेजारणीच्या मानेवर चट्टा उठला, की हे वाक्य कोणाच्या तरी मुखातून निघतेच. आणि त्यामागोमाग हळद, कडुलिंबाचा पाला, कोरफडीचा गर किंवा राळेचे मलम यांपैकी काहीतरी पुढे येते. या वाक्यात गर्व नाही की आश्वासन नाही. गुण येईलच असे बोलणारा म्हणत नाही. अपाय होणार नाही, एवढेच तो सुचवितो. इतक्या विनम्र वाक्याची नैतिक चिकित्सा करावयास बसणे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणे आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यास आमचे उत्तर इतकेच, की हे वाक्य आम्ही स्वतः एकदा बावड्यास उच्चारले होते, आणि त्याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही.

बावडा हे इंदापूर तालुक्यातील, इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून सराटीकडे निघते ती याच वाटेने. तेथे आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. त्यांच्या मातोश्रींस सारी आळी आक्का म्हणत असे; आम्हीही तेच म्हणत आलो. आक्कांनी जन्मभर नऊवारी लुगडे नेसले. कमरेशी लुगड्याची गाठ जेथे आवळली जाते तेथे कातडीवर एक काळसर पट्टा उमटतो. आपल्याकडील वयस्कर बायांच्या कमरेवर तो इतका सर्रास असतो, की त्यास कोणी व्रण म्हणत नाही. तो जणू लग्नाबरोबर आलेलाच असतो. आक्कांच्या त्या पट्ट्यावर उजव्या अंगास रुपयाएवढी जागा सोलवटली. आधी हळद झाली, मग कडुलिंब झाला. नंतर गावातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांकडून लेप आला. आम्ही त्यांस गुरुजीच म्हणू. नीरा नरसिंहपूरच्या संगमावर उतरलेल्या कोणा बैराग्याने तो त्यांच्या वडिलांस सांगितला होता, अशी त्यांच्या घरची कथा आहे. लेप काळा होता. त्यात बिब्ब्याचे तेल, मोरचूद, राळ आणि तिळाचे तेल असते, हे पुढे गुरुजींनीच आम्हास सांगितले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. आणि या लेपाचा एक पैसाही ते कधी कोणाकडून घेत नसत. पैसा घेतला की गुण जातो, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या आषाढात पालखीच्या निमित्ताने आम्ही बावड्यास गेलो असता आक्कांनी पदराआडून ती जागा दाखविली नाही. दाखविणार तरी कशा? परंतु सांगितले मात्र सर्व. ‘तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं काय मत?’ असेही त्यांनी विचारले. आम्ही तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविणारे. वैद्यकातले आम्हास काय कळे? तरीही कळत नाही एवढेच सांगून आम्ही गप्प बसलो नाही. आम्ही हसून म्हणालो, ‘लावून पाहायला काय हरकत आहे, आक्का?’

लेपाने काम केले. आठवड्याभरात जागा भाजल्यासारखी झाली, काळी कठीण खपली धरली आणि ती खपली एक दिवस गळून पडली. घरच्यांनी ती कागदात बांधून गुरुजींस नेऊन दाखविली. ‘मूळ निघालं’, असे सर्वांचे मत पडले. खाली गुलाबी कातडी आली. दिवाळीस आक्कांनी गुरुजींच्या घरी फराळाचे ताट धाडले. माघात ती कातडी पुन्हा फुटली. पुन्हा लेप, पुन्हा खपली. दुसरी पालखी सराटीस गेली तेव्हा जागा तळहाताएवढी झाली होती आणि उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ हातास लागत होती. मग पुणे, मग तुकडा काढून तपासणी, मग शस्त्रक्रिया, मांडीची कातडी काढून कमरेवर बसविणे आणि पुढील सारे. आक्का त्यानंतर चौदा महिने होत्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कोणासही दोष दिला नाही. जांघेत गाठ येण्याआधी आणले असते तर एवढ्यावर भागले नसते का, असे आमच्या स्नेह्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी फक्त मान हलविली.

हा रोग आपल्या देशात नवा नाही व आपल्या वेशभूषेशी असलेले त्याचे नातेही कोणी आज शोधून काढलेले नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात, धोतर व लुगडे कमरेशी वर्षानुवर्षे आवळून बांधल्याने त्या रेघेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले आहे. काश्मिरात पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याच्या चालीने होणाऱ्या अशाच रोगाविषयी एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टराने १८६६ सालीच लिहून ठेवले होते. २०२४ साली वर्धा येथील वैद्यांनी परकराच्या नाडीमुळे व लुगड्याच्या गाठीमुळे झालेल्या अशा दोन रोगांची हकीगत ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांतील एक विदर्भातल्या आमच्या आक्काच म्हणावयाच्या, चाळीस वर्षे लुगडे नेसलेल्या. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी, कारण कातडीतील काळा रंग उन्हाचा वार झेलतो; परंतु जुनाट व्रण, भाजल्याचे वण आणि सतत घासली जाणारी जागा यांस तो रंग तारीत नाही. मेलानोमा हा त्याचा सर्वांत घातक प्रकार तर आपल्यात बहुधा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे कोणी पाहत नाही तेथे, उद्भवतो. रोग क्वचित होतो म्हणून संशय येत नाही आणि संशय येत नाही म्हणून लेपास अवसर मिळतो. वास्तविक वेळीच व समूळ काढला तर कातडीचा सामान्य कर्करोग हा सर्व कर्करोगांत बरा होण्यास सोपा गणला जातो. दुःखाचे मूळ येथेच आहे. असाध्य रोगापुढे लेप लावला तर त्यास निदान सांत्वन तरी म्हणता येईल. येथे साध्य रोग लेपाच्या आड असाध्य होतो.

कोणी म्हणेल, हा खेडवळ अडाणीपणा आहे, याची चर्चा सुशिक्षितांच्या मासिकात कशास? तर मग हा लेप लंडनला कसा पोचला होता तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत सँग्विनेरिया नावाची एक वनस्पती होते. तिच्या मुळातून रक्तासारखा तांबडा रस निघतो. ते मूळ व जस्ताचा एक दाहक क्षार मिळून केलेला लेप फेल नावाचा अमेरिकन डॉक्टर लंडनला घेऊन आला आणि १८५७ च्या सुमारास मिडलसेक्स रुग्णालयात तो रोग्यांवर लावून पाहण्यात आला. तेथेही काळी खपली धरे, तेथेही ती गळून पडे. काही काळ त्याचा बोलबाला झाला व पुढे तो मागे पडला. विसाव्या शतकात हॉक्सी नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत अशाच दाहक लेपांवर व काढ्यांवर मोठमोठी चिकित्सालये उभारली. १९६० साली सरकारने ती औषधे विकण्यास बंदी केली. पुढे त्यास स्वतःस कर्करोग झाला तेव्हा स्वतःच्या औषधाचा गुण आला नाही व शस्त्रवैद्याकडेच जावे लागले. हा काळा लेप आजही अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात सरकारी इशारे झुगारून घरोघरी लावला जातो, आणि लावणारे अडाणी नसतात. शाळेची पाटी आणि खपलीवरचा विश्वास यांचा फारसा संबंध दिसत नाही.

त्याच लेपाची दुसरी हकीगत मात्र आम्हास अधिक बोधप्रद वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मोझ या शल्यवैद्याने जस्ताच्या त्याच क्षाराचा लेप वापरूनच कातडीचे कर्करोग बरे केले व १९४१ साली आपली रीत प्रसिद्ध केली. मग तोच लेप एकाच्या हाती विष व दुसऱ्याच्या हाती अमृत कसा झाला? मोझ लेपाने ऊतक घट्ट करून घेई, मग त्याचा पातळ थर कापून काढी, आणि त्या थराची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली तपाशी. जेथे रोगाच्या पेशी उरलेल्या दिसत तेवढ्याच जागी पुन्हा लेप, पुन्हा थर. खाली एकही रोगट पेशी उरली नाही असे डोळ्यांनी पाहीपर्यंत तो थांबत नसे. पुढे लेप अनावश्यक ठरून गळाला. सूक्ष्मदर्शकाची ती रीत आजही जगभर चालू आहे. गुरुजी व मोझ यांत फरक द्रव्याचा नव्हता. खपली पडल्यावर एकाने खाली पाहिले. दुसऱ्याने खपलीकडे पाहिले.

आणि हे पाश्चात्त्यांनीच शिकवावे असेही नाही. क्षारांचे पाकविधान सांगताना सुश्रुताने स्वच्छ बजावले आहे की अल्पबुद्धी वैद्याच्या हातचा क्षार हा विष, अग्नी, शस्त्र व वज्र यांच्यासारखाच मृत्युरूप होतो. अर्बुदाविषयी तर त्याचे म्हणणे असे, की ते निःशेष काढले पाहिजे. दोषाचा अंश मागे राहिला तर ते लवकरच पुन्हा उद्भवते, आणि उरलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते. आयुर्वेदाच्या नावावर खपणाऱ्या प्रत्येक काळ्या डबीवर हे म्हणणे कोणी छापील तर बरे होईल. औषध वनस्पतीचे आहे, यास आमचा आक्षेप नाही. दारातल्या सदाफुलीपासून निघालेली द्रव्ये रक्ताच्या कर्करोगावर जगभर वापरली जातात. आपल्या शेर-निवडुंगाच्या गोत्रातील एका रानटी झुडपाचा चीक ऑस्ट्रेलियातील लोक कातडीवरील डागांस घरगुती औषध म्हणून लावीत. त्याचा अर्क काढून, मोजमाप करून, २०१२ साली अमेरिकेत उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व डागांवर औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. आणि २०२० साली युरोपात ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले, कारण ते लावलेल्या जागी उलट कर्करोगच अधिक होतो की काय, असा संशय आला. तो संशय कोणास आला? ज्यांनी लावले त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्यांस आला. तोच चीक पिढ्यान्‌पिढ्या घरी लावणाऱ्यांस तो कधीच आला नव्हता. ज्यास गुण आला तो गावभर सांगत हिंडतो, आणि ज्यास आला नाही त्याची हकीगत सांगावयास बहुधा कोणी उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुरुजींचा हेतू शुद्ध होता, याविषयी बावड्यात कोणास शंका नाही व आम्हासही नाही. त्यांनी पैसा घेतला नाही. या पैसा न घेण्याचे आम्हास प्रथम मोठे कौतुक वाटे. अजूनही त्यातील उदात्तपणा आम्ही नाकारीत नाही. औषधाचा बाजार मांडू नये, ही आपल्या लोकांची भावना थोर आहे. परंतु विचार करू लागलो तो ध्यानात आले, की दाम देणाऱ्यास भांडण्याचा एक हक्क असतो. फुकट घेणाऱ्यास तो नसतो. डॉक्टराचे औषध लागू पडले नाही तर आपण त्याच्या दारात जाऊन आवाज चढवितो, दुसऱ्याकडे जातो, प्रसंगी फिर्यादही करतो. गुरुजींचे औषध लागू पडले नाही तेव्हा आक्का काय करीत? त्या त्यांच्याकडे अपराध्यासारख्या जात. ‘गुरुजी, माझ्याकडूनच पथ्य मोडलं असेल. संक्रांतीला वांगं खाल्लं होतं,’ असे त्यांनी सांगितल्याचे त्यांच्या सुनेस आठवते. गुरुजींनी ते मान्य केले. त्यात कपट नव्हते. त्यांचाही पथ्यावर तितकाच विश्वास होता. पण पथ्याची ही व्यवस्था पाहिली की मन थक्क होते. गुण आला तर तो औषधाचा. न आला तर दोष रोग्याच्या जिभेचा. अशा औषधास पराभव ठाऊकच नसतो, आणि ज्यास पराभव ठाऊक नाही त्यास थांबावे केव्हा हेही ठाऊक नसते.

१९५४ सालच्या कायद्याने कर्करोग बरा करू अशी जाहिरात करणे गुन्हा ठरविले आहे. गुरुजींनी कधी जाहिरात केली नाही. कर्करोग हा शब्दही उच्चारला नाही. त्यांनी फक्त ‘जखम’ म्हटले. कायदा त्यांस शिवू शकत नाही, आणि शिवावा असे आम्हासही वाटत नाही. जेथे कायदा संपतो तेथूनच नीतीचे काम सुरू होते, असे आम्ही वर्गात तीस वर्षे सांगत आलो आहो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. देह आक्कांचा होता. त्यावर सुरी चालवावी की लेप लावावा हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच नव्हे काय? निःसंशय त्यांचाच. बहात्तर वर्षांच्या त्या बाईने, हा कर्करोग आहे, काढला तर बहुधा बरा होईल, न काढला तर वाढेल, हे ऐकून घेऊन ‘मला सुरी नको’ असे म्हटले असते, तर आम्ही दुःखाने का होईना मान तुकविली असती. पण त्यांस हे कोणी सांगितलेच नव्हते. निवड करावयास दोन वाटा दिसाव्या लागतात. त्यांस एकच दिसत होती; दुसरीच्या तोंडाशी, ‘लोखंड लागलं की हा रोग पसरतो’, ही जुनी म्हण पहारा करीत उभी होती. ही समजूत खोटी आहे, पण ती उगीच निर्माण झालेली नाही. लोक शस्त्रक्रियेस येतात ते रोग आधीच पसरल्यावर. मग शस्त्रक्रियेनंतर तो दिसू लागतो, आणि गाव म्हणते, पाहा, लोखंड लागले नि पसरला. उशिरा येणाऱ्यांच्या मरणानेच पुढच्यांस उशिरा येण्याचे कारण पुरविले जाते. त्यात इस्पितळातील रांगा, मजुरी बुडणे, परक्या पुरुषापुढे लुगडे सोडण्याची लाज, आणि खालच्या मानेने कागद लिहीत ‘इतके दिवस काय करीत होता?’ असे विचारणारे गृहस्थ यांची भर पडते. गुरुजी मात्र घरी येत, पाटावर बसत, चहा घेत, नातवंडांची नावे त्यांस पाठ असत. लेपास हरविणे सोपे आहे. त्या पाटावरच्या बसण्यास हरविणे सोपे नाही. आमच्या डॉक्टर मित्रांस हे ऐकून राग येतो. येऊ द्या.

मग गुरुजींचे चुकले कोठे? लेप देण्यात चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. सोलवटलेल्या कातडीस कोणीही आधी घरचेच काही लावील. चुकले ते लेपास मुदत न घालण्यात. ‘हे लावा, आणि अमुक दिवसांत बरे न झाले, किंवा बरे होऊन पुन्हा फुटले, तर माझ्याकडे येऊ नका, इंदापुरास जा’, एवढे एक वाक्य त्या काळ्या डबीबरोबर गेले असते तर तीच डबी निरपराध ठरली असती. पैसे न घेणाऱ्याने रोग्याकडून काहीच घेतले नाही, असा आपला समज असतो. गुरुजींनी आक्कांकडून एक वर्ष घेतले. ते मोजले गेले नाही, कारण ते ना त्यांच्या खिशात गेले, ना कोणाच्या वहीत लिहिले गेले. आणि त्या वर्षाच्या व्यवहारास साक्षीदार म्हणून पहिली सही आमची होती. आम्हास त्यांनी वैद्य म्हणून नव्हे तर शिकलेला माणूस म्हणून विचारले होते. शिकलेल्या माणसाच्या संमतीस गावात काय वजन असते हे न समजण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. ‘हरकत काय’ हा प्रश्न आम्ही विचारला, पण तो प्रश्न नव्हताच; खरा प्रश्न असता तर उत्तरासाठी थांबलो असतो.

आक्कांच्या तेराव्यास गुरुजी आले होते. पंगत उठल्यावर, अंगणात सुपारी कातरता कातरता ते आमच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘सर, तुम्ही नीतीचं शिकवता. खरं सांगा, माझं काही चुकलं का?’ आम्ही म्हणालो, ‘नाही गुरुजी. तुम्ही चांगल्याच भावनेनं केलं.’ ऐंशीच्या घरातील, हात कापत असलेल्या त्या वृद्धास दुसरे काय सांगावयाचे, असे त्या वेळी वाटले. प्रवासात परत येताना ध्यानात आले की ते उत्तर केवळ दयेचे नव्हते. त्यांचे चुकले असे म्हटले असते तर पुढचे वाक्य आमच्याविषयी बोलावे लागले असते. आणि त्यांच्याकडून त्या आठवड्यातही कोणीतरी डबी नेली असणार.

म्हणून महिन्याभराने आम्ही त्यांस पत्र लिहिले. वर जे लिहिले आहे त्यातील बरेचसे त्यात होते; आमच्या स्वतःच्या वाक्याचा कबुलीजबाबही होता. उत्तर येणार नाही असे धरून चाललो होतो. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. शिक्षकी वळणाचे मोठे, सुटे अक्षर. खुशाली, पाऊसपाणी, नातवाची परीक्षा. आणि शेवटी एकच ओळ: मुदत किती दिवसांची सांगावी ते कळवावे. आम्ही एका डॉक्टर मित्रास विचारून कळविले, की तीन-चार आठवडे. आणि बरी होऊन पुन्हा फुटणारी जखम असेल तर एक दिवसही नाही.

गेल्या आषाढात बावड्यास गेलो होतो. आक्कांच्या माजघरातील फळीवर ती काळी डबी अजून आहे. टाकून का देत नाही, असे आम्ही सुनेस विचारले. ती म्हणाली, टाचेच्या भेगांना फार चांगलं आहे. आमच्या स्नेह्यांनीही तेच सांगितले, आणि ते खरे असावे. त्यांच्या टाचा आम्ही पाहिल्या.